रस्ता तोच, माणूस वेगळा

सकाळची सोलापूरकडे जाणारी एसटी तामलवाडीला थांबते, तेव्हा तिच्यात चढणाऱ्या प्रत्येकाचं काम वेगळं असतं. कोणी सोयाबीनच्या पट्टीचे पैसे आणायला मार्केट यार्डाकडे निघालेलं असतं, कोणी सिव्हिलमध्ये भरती असलेल्या भावाचा डबा घेऊन, आणि दोन-चार पोरी कॉलेजच्या. पाऊण तासाने ही सगळी माणसं सोलापूरच्या स्टँडवर एकाच दारातून उतरतात. समोर तेच रिक्षावाले, तोच हॉर्नचा कालवा, तीच धूळ, टपरीवरचा तोच घोळका. तरी एकाला तिथं उतरताच मोकळं वाटतं, दुसऱ्याच्या छातीत धडधडायला लागतं आणि तिसरी ओढणी सावरून, कुणाकडे न बघता झपाझप चालायला लागते.

शहर माणसाच्या मनाचं काय करतं, हा प्रश्न अभ्यासकांना सव्वाशे वर्षांपासून पडलेला आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ साली महानगर आणि माणसाचं मन यांवर निबंध लिहिला. चहूबाजूंनी आदळणाऱ्या दृश्यांपासून आणि आवाजांपासून वाचण्यासाठी शहरातला माणूस मनावर एक कवच चढवून घेतो, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७० साली हाच धागा पुढे नेला. शहर डोक्याला झेपणार नाही एवढं काही ना काही सतत पुढ्यात टाकत असतं, म्हणून अनोळखी माणसाकडे काणाडोळा करायची सवय तिथं लागते, असं त्यांनी मांडलं. दोन्ही निबंध आजही वाचावेत असे आहेत. पण दोघंही शहरी माणसाबद्दल एकवचनात बोलतात, आणि आपल्या एसटीतून उतरलेली तीन माणसं त्या एकवचनात मावत नाहीत.

या तिघांमधला फरक मोजायचा कसा? रस्त्यावर उभं राहून विचारलं तर माणूस घाईत असतो. घरी जाऊन विचारलं तर त्याला आठवेल तेवढंच सांगतो, आणि बरेचदा समोरच्याला बरं वाटेल ते सांगतो. शिवाय रस्ता दोनदा सारखा कधीच नसतो. पहिला उतरला तेव्हा एक ट्रक मागे येत होता, दुसरा उतरला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. मग एकाची धडधड ट्रकमुळे, की त्याच्या स्वतःच्या स्वभावामुळे, की रात्रभर सिव्हिलच्या व्हरांड्यात जागल्यामुळे, हे कळणार कुठून? प्रयोगात एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या जशाच्या तशा ठेवायच्या असतात. रस्त्याच्या बाबतीत हे पूर्वी जवळपास अशक्य होतं. व्हर्च्युअल रिअॅलिटीने, म्हणजे व्हीआरने, ते शक्य केलं. रस्ता अगदी सेकंदाबरहुकूम तोच ठेवायचा आणि माणसं बदलत जायची. माझ्या मते या तंत्राचा खरा उपयोग हाच आहे, आणि आपल्याकडे तो अजून पुरता ओळखला गेलेला नाही.

गंमत अशी, की या तंत्राची सुरुवातच शहराच्या रस्त्यावरून झाली. मॉर्टन हायलिग नावाच्या अमेरिकन सिनेछायाचित्रकाराने १९६२ साली सेन्सोरामा नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. एका खोक्यात डोकं घालून बसायचं. आत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून मोटरसायकलने केलेल्या फेरफटक्याची त्रिमितीय फिल्म दिसायची, बूड टेकलेली बैठक थरथरायची, तोंडावर वारा यायचा आणि मधूनच वास सोडले जायचे. यंत्र विकलं गेलं नाही, पण कल्पना रुजली. पुढे १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचं पहिलं उपकरण केलं. ते इतकं जड होतं की छताला टांगून ठेवावं लागे. त्यातून दिसायच्या त्या फक्त प्रकाशाच्या रेघांनी आखलेल्या आकृत्या, पण मान वळवली की त्या आकृतीची बाजूही बदलायची. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं ही वस्तू मुख्यतः लष्कर, विमान कंपन्या आणि मोजक्या प्रयोगशाळा यांच्यापुरतीच राहिली. २०१२ साली ऑक्युलस नावाच्या छोट्या कंपनीने लोकवर्गणीतून स्वस्त हेडसेट करायला घेतला, २०१४ साली फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरना घेतली, आणि आज असा हेडसेट साधारण एखाद्या बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत मिळतो.

आत काय होतं ते बघण्यासारखं आहे. दोन्ही डोळ्यांपुढे दोन भिंगं आणि त्यांच्यामागे पडदा. डाव्या आणि उजव्या डोळ्याला जरा वेगळं चित्र दिसतं, त्यामुळे मेंदू खोली उभी करतो. मान किती वळली, वर गेली की खाली, हे हेडसेटमधले संवेदक सतत टिपतात आणि त्याप्रमाणे चित्र नव्याने काढलं जातं, सेकंदाला साधारण नव्वद वेळा. मान हलणं आणि चित्र हलणं यांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त उशीर झाला तर पोटात ढवळायला लागतं. हे सगळं नीट जमलं, तर मेल स्लेटर या संशोधकाने २००९ साली ज्यांची फोड करून दाखवली ते दोन भास एकदम होतात. एक, मी इथंच उभा आहे. दोन, समोर चाललंय ते खरोखर घडतंय. डोकं ओरडून सांगत असतं की आपण खुर्चीत बसलोय, तरी समोरून बस अंगावर आली की अंग मागे सरतंच.

अंग मागे सरतं, म्हणूनच ते मोजता येतं. माणसाने सांगितलेल्या उत्तराला जोड म्हणून संशोधक शरीराची साक्ष काढतात. बोटांना दोन छोट्या पट्ट्या लावल्या की तळहाताच्या कातडीतून वीज किती सहज वाहते ते कळतं. भीती, चीड, आनंद, धक्का, काहीही असलं तरी तळहातावरच्या घामाच्या ग्रंथी किंचित जाग्या होतात आणि वीज जास्त वाहते. एखादा ट्रकवाला कानाशी प्रेशर हॉर्न वाजवतो तेव्हा आलेखाची रेघ लगेच हलत नाही. एक ते तीन सेकंद जातात, मग रेघ उभी चढते आणि सावकाश उतरते. कोणाची दहा सेकंदांत उतरते, कोणाची दुसरा हॉर्न येईपर्यंत वरच राहते. या उतरण्याच्या वेगात माणसामाणसांतला बराच फरक लपलेला असतो. सोबत हृदयाचे ठोके, आणि हेडसेटमध्येच बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली नजर, म्हणजे कुठे किती वेळ पाहिलं.

एक अडचण मात्र राहते. घामाची रेघ चढली एवढ्यावरून माणूस घाबरला की हरखला ते कळत नाही. जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोराची रेघही चढलेलीच असते. जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली भावनांचा जो नकाशा काढला त्यात दोन आडवे-उभे अक्ष आहेत. एकावर मन किती चेतलं आहे, दुसऱ्यावर बरं वाटतंय की वाईट. पहिला अक्ष शरीर सांगतं, दुसरा माणसालाच विचारावा लागतो. यंत्र कितीही महागडं आणलं तरी शेजारी बसून नीट विचारणाऱ्या माणसाची गरज संपत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रस्ता तोच ठेवून माणसं बदलली, तर काय दिसतं? याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग लंडनमधला. डॅनियल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेचा एक डबा व्हीआरमध्ये उभा केला आणि त्यात संगणकाने घडवलेले प्रवासी बसवले. हे प्रवासी मुद्दामच अलिप्त ठेवले होते. श्वास घेतात, इकडेतिकडे बघतात, कधी नजरेला नजर भिडते. एक जण पेपर वाचतोय, एक जण त्याच्याकडे बघितलं तर कधीतरी किंचित हसतो. कोणीही कोणाला त्रास देत नाही. सर्वसामान्य लोकांतून निवडलेल्या २०० जणांनी हेडसेटचा चष्मा चढवून या डब्यातून चारेक मिनिटांचा प्रवास केला. बहुतेकांना प्रवासी साधे किंवा चांगले वाटले. पण चाळीस टक्क्यांहून अधिक जणांच्या मनात निदान एक तरी संशय येऊन गेला. तो माझ्याकडे रागाने बघतोय, त्याला मला घाबरवायचंय, अशा जातीचा. ज्यांना एरवी चिंता जास्त, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत हलकं, त्यांच्यात हा संशय जास्त होता.

खऱ्या डब्यात हे कधीच सिद्ध झालं नसतं. कोणी म्हणालं की तो माणूस माझ्याकडे वाईट नजरेने बघत होता, तर तो खरंच तसा बघत नव्हता हे कशावरून? इथं तो माणूसच संगणकाने घडवलेला होता आणि सगळ्यांसाठी अगदी एकसारखा. त्यामुळे उरलेला फरक बघणाऱ्याचाच. फ्रीमन तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्यांना मानसिक आजारामुळे घराबाहेर पाऊल टाकणंच अवघड होतं अशा रुग्णांसाठी त्यांच्या गटाने कॅफे, छोटं दुकान, दवाखान्याची प्रतीक्षाखोली, बस, रस्ता अशा रोजच्या जागा व्हीआरमध्ये बांधल्या. भीती वाटली तरी तिथं थोडं थोडं थांबायचा सराव करायचा. ३४६ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. या रुग्णांचं रोजच्या जागा टाळणं आणि तिथं होणारी घालमेल कमी झाली, आणि ज्यांची भीती सर्वांत जास्त होती त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. मोजण्यासाठी बांधलेली गाडी माणसाला पुन्हा बाहेर घेऊन गेली, हे मला फार मोठं वाटतं.

स्वभावाइतकाच फरक माणूस वाढला कुठे यानेही पडतो. जर्मनीतल्या मानहाइमच्या संशोधकांनी २०११ साली नेचरमध्ये एक अभ्यास छापला. मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रात माणसाला झोपवायचं, वेळेच्या धाकात गणितं सोडवायला लावायची आणि कानातल्या हेडफोनवरून, तुमचं काम इतरांपेक्षा वाईट चाललंय, असं ऐकवायचं. जे सध्या मोठ्या शहरात राहत होते त्यांच्या मेंदूत धोक्याची सूचना देणारा अमिग्डाला नावाचा भाग जास्त चेतला. जे लहानपणी शहरात वाढले होते त्यांच्यात त्या भागाला आवर घालणाऱ्या दुसऱ्याच एका भागाचं वागणं वेगळं दिसलं. म्हणजे आज कुठे राहता आणि लहानपण कुठे गेलं, या दोन गोष्टींचे ठसे मेंदूत दोन जागी सापडले. जर्मनीतलं खेडं म्हणजे तामलवाडी किंवा माळुंब्रा नव्हे, त्यामुळे हा निष्कर्ष उचलून इथं चिकटवता येणार नाही. पण बारावीनंतर पुण्यात खोली घेऊन राहणारा आपल्याकडचा पोरगा पहिले सहा महिने गप्प गप्प का होतो, हे त्याच्या हिमतीवर ढकलण्याआधी हा अभ्यास आठवावा.

बाईमाणसाची गोष्ट तर उघडच वेगळी. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळपास सहाशे तरुण-तरुणींना विद्यापीठांच्या आवारातल्या वाटांची छायाचित्रं दाखवली आणि तुम्ही इथून चालत असता तर कुठे लक्ष द्याल, तिथं बोट ठेवा, असं सांगितलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातले नकाशे शेजारी ठेवून पाहिले की बघणारा गप्प होतो. मुलांची बोटं वाटेवर, समोरच्या दिव्यावर, पोचायच्या दारावर. मुलींची बोटं कडेच्या झुडपांवर, अंधारावर, वाटेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने दाखवली आहे. काहीतरी काम असल्याशिवाय बाईने सार्वजनिक जागी नुसतं उभं राहणं आपल्या शहरांना मंजूर नाही. म्हणून बाई हातात पिशवी धरते, फोनवर बोलत असल्याचं दाखवते, पाय उचलते. आपल्या एसटीतून उतरलेली मुलगी झपाझप का चालते, त्याचं उत्तर या पुस्तकात आहे. ते तिच्या तळहाताच्या रेघेत कसं उमटतं, हे मात्र सोलापूरच्या स्टँडचं व्हीआर दृश्य करून कोणी तपासलेलं नाही. तोच स्टँड, एकदा सकाळी दहाचा, एकदा रात्री नऊचा, एकदा दिवे असलेला, एकदा नसलेला. एवढ्या चार दृश्यांतून महापालिकेच्या अभियंत्याला दिवा कुठे हवा ते कळेल.

आवाजाची बाजू आपल्याकडे सर्वांत महत्त्वाची, आणि तीच व्हीआरच्या प्रयोगांत बरेचदा दुय्यम धरली जाते. स्वीडनमध्ये २०१३ साली झालेला एक छोटा प्रयोग याबाबत डोळे उघडणारा आहे. तीस पुरुषांना आधी आभासी परीक्षकांपुढे बोलायला आणि हिशेब करायला लावून ताण दिला. मग काही जणांना आभासी जंगलात पाखरांच्या आणि पाण्याच्या आवाजासह बसवलं, काहींना त्याच जंगलात पण आवाजाशिवाय, आणि काहींना नुसत्या खोलीत. आवाजासह जंगल मिळालेल्यांचं शरीर नीट शांत होताना दिसलं. झाडं तीच होती, मुकं जंगल तेवढं कामाला आलं नाही.

आपल्या शहरांचा आवाज कोणत्या थराला गेला आहे, याचा एक प्रयोग मुंबईच्या वाहतूक पोलिसांनीच करून दाखवला. काही सिग्नलच्या खांबांना आवाज मोजणारी यंत्रं जोडली. लाल दिव्याला थांबलेल्या गाड्यांचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. जास्त वाजवाल तर जास्त थांबाल. त्याची चित्रफीत २०२०च्या सुरुवातीला देशभर फिरली. नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे सोबत लक्षात घ्यावं.

पण गोंगाट म्हणजे त्रास, असं सरळ समीकरण मांडणाऱ्याने प्रयागच्या माघमेळ्यावरचा अभ्यास जरूर वाचावा. तिथं महिनाभर रात्रंदिवस भोंगे, भजनं, घोषणा, माणसांचा कल्लोळ असतो, आणि महिनाभर तिथं राहणारे यात्रेकरू, म्हणजे कल्पवासी, मात्र तिथं मन शांत झाल्याचं सांगतात. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या गटाने २०१३ साली छापलेल्या या अभ्यासात मेळ्याला आलेल्यांना एकच संदिग्ध, गोंगाटाची ध्वनिफीत ऐकवली. काहींना सांगितलं की ही मेळ्यातली आहे, काहींना सांगितलं की शहरातल्या रहदारीची. मेळ्यातली म्हणून ऐकणाऱ्यांना ती जास्त बरी वाटली आणि त्यांनी ती जास्त वेळ ऐकली. आवाज अगदी तोच होता. याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात, २०१२ सालच्या, ४१६ यात्रेकरू आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण यांची आधी-नंतर तुलना केली होती. गर्दी, थंडी आणि गैरसोयीत महिना काढून आलेल्यांची तब्येत आणि मनःस्थिती घरी राहिलेल्यांपेक्षा सुधारलेली दिसली. लंडनच्या डब्यातल्या संशयाइतकाच हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. आपण या गर्दीचे आहोत की गर्दी आपल्यावर चालून येते आहे, यावर शरीराचं उत्तर ठरतं.

महाराष्ट्रात शहर आणि भावना यांवर मोजमापाची उपकरणं घेऊन काम झालं ते मुंबईत. डिसेंबर २०१२ ते जानेवारी २०१३ या काळात बीएमडब्ल्यू गुगेनहाइम लॅब नावाचा फिरता उपक्रम भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुक्कामाला होता. त्याआधी तो न्यूयॉर्क आणि बर्लिनला झाला होता. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे कॉलिन एलार्ड यांनी या तिन्ही शहरांत लोकांच्या मनगटावर घाम मोजणारे पट्टे आणि हातात प्रश्न विचारणारे फोन देऊन त्यांना गल्लीबोळांतून फिरवलं. न्यूयॉर्कमध्ये एका मोठ्या सुपरमार्केटच्या लांबच लांब कोऱ्या भिंतीपुढे लोकांचं मन मरगळलेलं आढळलं आणि थोड्या अंतरावरच्या छोट्या दुकानांच्या, खाद्यपदार्थांच्या गजबजलेल्या रांगेपुढे तेच लोक खुलले. एलार्ड एरवी आपल्या प्रयोगशाळेत हेडसेट लावूनही असेच प्रयोग करतात. खऱ्या रस्त्यावर फिरवणं आणि व्हीआरमध्ये फिरवणं, दोन्ही त्यांना लागतं, कारण एकात जिवंतपणा मिळतो आणि दुसऱ्यात ताबा.

मुंबईच्या बाबतीत हा जिवंतपणा कुठल्या हेडसेटमध्ये कोंबणार, हा प्रश्नच आहे. लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. हा आकडा रेल्वेच्याच परिभाषेतला आहे. व्हीआर दाखवेल, ऐकवेल, पण पाठीला रेटणारी दुसऱ्याची बॅग, मानेवरचा श्वास आणि उतरता येईल की नाही ही चिंता देणार नाही. वास नाही, उकाडा नाही, पायाखालचा खड्डा नाही. आपल्याकडे आणखी एक खास अडचण आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर असताना पंख्याखाली बसवलेल्या माणसाच्या तळहाताला सुटलेला घाम कशाचा, हे कोणतं यंत्र सांगणार? असे प्रयोग इथं करायचे तर थंड खोली आणि हिवाळा हवा. चष्म्याने मळमळणारी माणसंही कमी नसतात. त्यांना मध्येच थांबायची मुभा आधीच, स्पष्ट शब्दांत द्यावी लागते. ज्या बाईला रस्त्यावर खरोखर त्रास झालेला आहे तिला तोच प्रसंग आभासात पुन्हा दाखवणं तर विचार करूनच करायला हवं.

सर्वांत मोठी उणीव मात्र यंत्रात नाही, निवडलेल्या माणसांत आहे. मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतल्या अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी ९६ टक्के जण जगाच्या फक्त १२ टक्के लोकसंख्या असलेल्या पाश्चात्त्य, औद्योगिक देशांतले होते, ही आकडेवारी जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१०च्या त्यांच्या लेखात पुढे आणली. त्यातही बरेचसे विद्यापीठातले विद्यार्थी. त्यांच्या मनावरून साऱ्या मानवजातीचं मन काढायचं आणि त्यावरून रस्ते आखायचे, हे मला मान्य होत नाही. सोलापूर आणि पुणे ही दोन्ही शहरं जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसांत निवडली गेली. त्या शहरांचा रस्ता रोज वापरणाऱ्यांत आसपासच्या तालुक्यांतून येणारी माणसं प्रचंड संख्येने असतात, आणि आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा ती कुठेच नसतात. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचाऱ्यांना मोकळा करून दिला होता. असा प्रयोग एक दिवस होतो. त्याचंच दृश्य व्हीआरसाठी टिपून ठेवलं तर वर्षभर, गावोगाव नेऊन, त्या रस्त्यावर खरेदीला येणाऱ्या कोणालाही दाखवता येतं, आणि त्यांना काय वाटतं ते ऐकता येतं.

हे काम तामलवाडीत सुरू करावं असं मला वाटतं, आणि त्याला कारण तिथला रस्ताच आहे. राष्ट्रीय महामार्ग ५२ चौपदरी झाला, टोलनाका बसला, आणि गावाची रोजची ये-जा या वेगाला चिकटून सुरू झाली. रहदारी शेजारपणाचं काय करते हे पाहायला डोनाल्ड अॅपलयार्ड नावाच्या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोत एकसारख्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. एकावरून दिवसाला दोन हजार गाड्या, दुसऱ्यावरून आठ हजार, तिसऱ्यावरून सोळा हजार. कमी रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्याला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरा नाही. हाच माणूस पुढे व्हीआरचा पूर्वज ठरेल अशा कामात शिरला. सत्तरच्या दशकात त्याने आणि सहकाऱ्यांनी बर्कलीमध्ये एका खऱ्या परिसराची छोटी प्रतिकृती बांधली, तिच्या रस्त्यांवरून बारीक कॅमेरा फिरवून फिल्म काढली, आणि काहींना ती फिल्म दाखवली तर काहींना त्याच रस्त्यावरून खरोखर गाडीने नेलं. दोघांच्या प्रतिक्रिया बऱ्याच जुळल्या. १९८२ साली अथेन्समध्ये भरधाव गाडीने धडक दिल्याने अॅपलयार्ड गेला.

तामलवाडीच्या रस्त्याला जगातल्या प्रयोगशाळांना हेवा वाटावा असं एक वैशिष्ट्य आहे. वर्षभर इथून ट्रक धावतात. पण कोजागरीच्या सुमाराला सोलापूर ते तुळजापूर या वाटेवरची वाहतूक वळवली जाते आणि लाखो माणसं तुळजाभवानीच्या दर्शनाला रात्रभर पायी चालतात. लहान पोरं, म्हाताऱ्या बाया, घोळक्याने निघालेल्या तरुण मुली, मुखी उदो उदो. डांबर तेच, टोलनाका तोच. एरवी सात वाजल्यानंतर ज्या महामार्गाच्या कडेला बाई एकटी थांबत नाही, तिथं ती पहाटे तीनला चालते.

चारही बाजूंचं चित्रण करणारा कॅमेरा आता आवाक्यात आला आहे. एका तिवईवर तो टोलनाक्याजवळ एका साध्या संध्याकाळी उभा करायचा, आणि त्याच जागी, त्याच उंचीवर, कोजागरीच्या रात्री पुन्हा. उंची माणसाच्या डोळ्यांची, आणि दुसऱ्यांदा दहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांची. आवाजासाठी वेगळा माइक, कारण कॅमेऱ्याचा आवाज पातळ येतो. तिसरं दृश्य सोलापूरच्या स्टँडचं. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं ग्रामीण संकुल आहे, सोलापुरात विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, त्यामुळे उपकरणं आणि प्रश्न विचारणारी मुलं मिळायला लांब जावं लागणार नाही. चष्मा घालायला आधी बोलवायचं ते रोज हा रस्ता ओलांडणाऱ्यांना, म्हणजे शाळेची पोरं, दूध घालायला जाणारे, सोलापूरच्या कॉलेजच्या मुली, आणि ज्यांना चष्म्यातून नीट दिसेल की नाही म्हणून कोणी विचारतच नाही ती म्हातारी माणसं. दृश्य बसूनच बघायचं, तीन मिनिटांपेक्षा लांब ठेवायचं नाही, आणि प्रत्येक दृश्यानंतर हेडसेट उतरवून पाणी द्यायचं. प्रश्न विचारणारी पोरगी शक्यतो इथल्याच गावातली असावी, म्हणजे उत्तरं तिला सांगताना कोणी शब्द सावरून बसणार नाही. हिवाळ्यात, सुगी उरकल्यावर, दाखवण्याचं हे काम एका महिन्यात होऊ शकतं. आणि जे निघेल ते महामार्ग प्राधिकरणाकडे आणि सोलापूर महापालिकेकडे जाण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवावं, म्हणजे दिवा कुठे हवा, ओलांडायची जागा कुठे हवी, यावर ज्यांच्या तळहाताची रेघ चढली त्यांनाच पहिल्यांदा बोलता येईल.